गावाचा जुना कागद : अनगोळच्या निमित्ताने

(शास्त्रवाचन : एज्रा ६:१-५; यिर्मया ३२:६-१५; लूक १:१-४)

यरुशलेमातील मंदिराचे बांधकाम पुन्हा सुरू झाले, तेव्हा नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी येऊन विचारले की, हे काम तुम्ही कोणाच्या हुकमाने करता? वडील मंडळींनी कोरेश राजाचे नाव सांगितले. पण नुसत्या तोंडच्या सांगण्याने सरकारात काम भागत नाही. दारयावेश राजाने दप्तर तपासण्याची आज्ञा केली. शोध बाबेलात सुरू झाला, आणि लेख सापडला तो मात्र मेदी प्रांतातील अखमथा येथे. म्हणजे एका ठिकाणच्या लोकांचा हक्क ज्या कागदावर लिहिला होता, तो कागद शेकडो मैल दूर परक्या राजवाड्यात पडून होता. आणि तो जपून ठेवलेला होता म्हणून मंदिर उभे राहिले.

आमच्या खेड्यांचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्यास हाच अनुभव येतो. या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही बेळगावजवळचे अनगोळ हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. आज परक्या माणसाला ते गाव म्हणून ओळखूच येणार नाही. टिळकवाडी, भाग्यनगर, उद्यमबाग अशा वस्त्यांनी त्याला वेढले आहे, आणि बेळगावच्या रिक्षावाल्याला अनगोळ म्हणजे चौथे रेल्वे गेट एवढाच पत्ता पुरतो. परंतु रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी येथे शिवार होते, पांढरी होती, पाटील-कुलकर्णी होते, बलुतेदार होते. त्यांची नोंद कोठे सापडेल? आणि आपल्या मंडळीच्या माणसांची नोंद तिच्यात कोठे बसेल? मंडळ्यांत हल्ली शतकोत्सव, दीडशतकोत्सव होतात व स्मरणिका निघतात. त्यांत मिशनऱ्यांची छायाचित्रे हमखास असतात. ज्या गावात मंडळी रुजली त्या गावाविषयी मात्र चार ओळीही नसतात. हे आम्हांला बरे वाटत नाही.

गावाचा शोध करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा : अमुक साली हे गाव कोणाच्या वहीवर होते? सीमाभागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, तरी भोवतालचा सगळा मुलूख एका रात्रीत इंग्रजांचा झाला असे नाही. बेळगावला लागूनच असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. एक गल्ली ओलांडली की राज्य बदले! पटवर्धन सरदारांची गावे या भागात इंग्रजी गावांत मिसळून गेली होती. तिकडे निपाणीचे सिदोजीराव निंबाळकर १८३९ मध्ये वारले, आणि पुढे त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. चिकोडी व मनोळी हे परगणे तर मधली काही वर्षे कोल्हापूर दरबाराकडे होते. बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला १८३६ मध्ये. त्याआधीचा कारभार धारवाडच्या कलेक्टराकडून चाले. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून हा जिल्हा म्हैसूर राज्यात आला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ पासून शहराचे नाव बेळगावी असे लिहितात. प्रत्येक बदलाबरोबर कागद एका कचेरीतून दुसरीत गेले. म्हणून एकाच गावाचे जुने कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मुंबईत, धारवाडला, बंगळुरास असे विखुरलेले असू शकतात. बाबेलात सापडले नाही म्हणून शोध थांबवला असता, तर मंदिराचे काय झाले असते हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जुना पुरावा कागदावर नसून दगडावर किंवा तांब्यावर असतो. खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंब राजांचे ताम्रपट मिळाले. ते सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे असून त्यांत गावे व जमिनी दान दिल्याची नोंद आहे. खुद्द बेळगावच्या किल्ल्यातील, रट्ट राजांच्या वेळचे, इ. स. १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. किल्ल्यातील जैन मंदिराला दिलेल्या दानाविषयी ते आहेत. त्या काळी बेळगावचे नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव, असे होते. अशा दानलेखांत जमिनीच्या चतुःसीमा सांगण्याची रीत असल्यामुळे शेजारच्या लहान गावांची नावे अधूनमधून डोकावतात. एखाद्या खेड्याच्या नावाचा पहिला उल्लेख असा दुसऱ्याच्या दानपत्रात, हद्द सांगताना, ओझरता होतो. अभ्यासकाने त्यावर समाधान मानावे. गावाच्या नावाची फोड मनाने करण्याचा मोह मात्र टाळावा. मराठी माणूस मराठी अर्थ काढतो, कानडी माणूस कानडी काढतो, आणि दोघेही आपापल्या आजोबांची साक्ष देतात. त्यापेक्षा निरनिराळ्या सालांच्या कागदांत ते नाव कसे लिहिले आहे याची तारीखवार यादी करावी. ती पुढे उपयोगी पडते.

मराठेशाहीतील कागद मोडीत आहेत. पुराभिलेखागारात ते कापडात बांधलेले असतात, त्या बांधणीला रुमाल म्हणतात. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली, शब्द एकमेकांस चिकटलेले, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी डोके फिरते. पण दोन-तीन महिने नेटाने बसले तर सामान्य माणसास मोडी वाचता येऊ लागते, आणि आमच्या तरुण संघातील चार जणांनी ती शिकावी असे आम्हांला मनापासून वाटते. तारखेची गोष्टही समजून घ्यावी लागते. कागदावर ‘मयातैन व अलफ’ असे असते. हे अरबी अंक आहेत : दोनशे आणि हजार, म्हणजे सुहूर सन १२००. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. दोन आकडे अशासाठी की सुहूर सन जूनच्या सुरुवातीस, मृग निघाला की बदलतो. तेव्हा हे वर्ष इ. स. १७९९-१८०० चे. फसली सन निराळा. त्याला ५९० वा ५९१ मिळवतात. एवढे जमले की ‘मौजे’ म्हणजे गाव, त्याच्या वर कर्यात किंवा तर्फ, त्याच्या वर परगणा, अशी शिडी दिसू लागते, आणि आपले गाव कोणत्या पायरीवर आहे ते कळते.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीचे एक पुस्तक या भागासाठी विशेष मोलाचे आहे. टॉमस मार्शल नावाच्या अधिकाऱ्याने पाच्छापूर, बेळगाव, खानापूर इत्यादी परगण्यांची पाहणी करून लिहिलेले अहवाल १८२२ मध्ये मुंबईस छापले गेले. त्याच सुमारास पुण्याजवळच्या लोणी या एकाच गावाचे घरे, जमीन, माणसे, कर्ज असे बारकाईने वर्णन टॉमस कोट्स या डॉक्टराने केले, ते १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. एका लहानशा खेड्याचा इतिहासही लिहिण्याजोगा असतो हे ज्यांना पटत नाही त्यांनी ही उदाहरणे पाहावीत. १८८४ चे बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर सर्वांना ठाऊक आहेच. बहुतेक लेखक तेथेच थांबतात, तेथून सुरुवात करायला हवी.

त्यानंतर आली ती मोजणी. विंगेट व गोल्डस्मिड यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, ती पुढे दक्षिण मराठा मुलखातही आली. ३३ फुटांच्या साखळीने शेत मोजायचे, ३३ फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही शेतकरी याच मापाने बोलतो. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. टिपण, फाळणी, आकारबंद, कडईपत्रक असे तिचे कागद आहेत. त्यांवरून गावाची जमीन किती, जिराईत किती, कोणती इनाम, कोणती देवस्थानाची, हे सारे समजते. इनामांची चौकशी तर याहून कसून झाली. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने प्रत्येक इनामदाराकडून सनद मागितली आणि त्याची कैफियत लिहून घेतली. त्या चौकशीने अनेक घराणी दुखावली. परंतु त्या निमित्ताने जी कुटुंबकथा लिहून निघाली ती एरवी कोणीच लिहिली नसती.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सगळे कागद शेतसाऱ्यासाठी केलेले आहेत. ज्याच्याकडून पैसा यायचा किंवा ज्याला पैसा सोडायचा, त्याचेच नाव त्यांत आहे. पाटलाची, कुलकर्ण्याची, देसायाची वंशावळ सात-सात पिढ्यांची मिळते. गावाची वेस राखणारा, सांगावा नेणारा, मेलेले ढोर ओढणारा माणूस मात्र त्या कागदात एकटा क्वचितच दिसतो. त्याच्या वतनाच्या तुकड्यापुढे ‘समस्त महार मौजे मजकूर’ अशी मोघम नोंद असते. इनामाच्या वर्गवारीत या खालच्या गावकीच्या वतनाला वर्ग ६-ब म्हणत. समस्त! म्हणजे माणसे होती, राबत होती, पण त्यांना वेगळी नावे असण्याची सरकारला गरज नव्हती. स्त्रियांचे तर विचारूच नये. विधवा म्हणून खाते नावावर चढले तरच त्या कागदावर येतात. कर्नाटकात ही गावकीची वतने १९६१ च्या कायद्याने रद्द झाली, तो कायदा १९६३ मध्ये अमलात आला. त्यामुळे पुष्कळ घरांतून वतनाच्या उरल्यासुरल्या कागदांकडेही मग कोणी लक्ष दिले नाही.

आमच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज या ‘समस्त’मध्ये आहेत. त्यांच्यातला एक एक जण नावानिशी प्रथम कोठे दिसतो? बहुतेक वेळा मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. बेळगावात लंडन मिशनचे काम रेव्ह. जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये सुरू केले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले, त्यांचे नाव बेनन-स्मिथ शाळेमुळे अजून सर्वांच्या तोंडी आहे. १९०४ मध्ये हे क्षेत्र मेथडिस्ट मिशनकडे आले. बाप्तिस्म्याची नोंद करताना पाळक काय लिहितो? बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव, वय, बापाचे नाव, आईचे नाव, गाव, धंदा, तारीख. ही रकान्यांची ओळ आज आपल्याला साधी वाटते. पण ज्या माणसाच्या शंभर पिढ्या ‘समस्त’ या एका शब्दात मावल्या, त्याच्या आईचे नाव कोणीतरी विचारून, शाईने, एका ओळीवर लिहिले, ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी वहीने शेते मोजली, मंडळीच्या वहीने माणसे मोजली. गावाचा खरा इतिहास लिहायचा तर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतील.

मंडळीच्या वहीत सगळे बरोबरच आहे असे समजू नये. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. मिशनरीने इंग्रजी लिपीत लिहिलेले नाव पुढच्या पाळकाने मराठीत उतरवले, त्याच्यापुढच्याने कानडीत. एकच माणूस तीन माणसे होऊन बसतो. वय बहुधा अंदाजाचे असते. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलले असेल तर जुने नाव कधी लिहिलेले असते, कधी नसते. नसेल तर शेतसाऱ्याच्या कागदाशी दुवा तुटतो. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. पवित्र शास्त्रातील याद्यांचेही असेच आहे. बंदिवासातून परतलेल्यांत बेथलेहेमाचे १२३ आणि नटोफाचे ५६ असे एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे; बेरीज १७९. नहेम्याच्या सातव्या अध्यायात हीच दोन गावे एकत्र धरून आकडा १८८ आहे. अनाथोथाचे १२८ मात्र दोन्हीकडे सारखेच. दोन प्रती ताडून पाहाव्यात, फरक लपवू नये, जो आकडा ज्या कागदात आहे तो त्या कागदाच्या नावाने लिहावा. शास्त्राच्या प्रतींनीही फरक पुसून टाकला नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी जी शिस्त सांगतो, मुळापासून सर्व गोष्टींचा नीट शोध करून अनुक्रमाने लिहिण्याची, तीच येथे लागते.

आणखी एक इशारा देणे आम्हांला जरूर वाटते. वंशावळी शोधताना माणसाचा पाय घसरतो. कोणी आपण मुळचे पाटीलच होतो असे सिद्ध करायला निघतो, कोणी ‘आमचेच घराणे पहिले ख्रिस्ती’ म्हणून भांडतो. पौलाने तीमथ्याला अंतहीन वंशावळ्यांविषयी सावध केले होते ते उगीच नव्हे. सीमाभागात तर जुन्या कागदाची भाषा पाहूनच वाद पेटतो. हा मराठी, म्हणून गाव आमचे; हा कानडी, म्हणून तुमचे. अनगोळसारख्या गावाचे काही कागद मोडीत निघाले आणि काही कानडीत, तर त्यात नवल वाटू नये. या भागात कारकून दोन्ही भाषांतले होते आणि माणसेही दोन्ही बोलत. ज्यांना कानडी वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या कानडी मंडळीतील भावाला हाक मारावी. त्याच्यापाशी कदाचित मोडीतले कागद पडून असतील, ते आपण त्याला वाचून दाखवू.

आता वह्यांची अवस्था. काही मंडळ्यांत त्या लोखंडी पेटीत, कापडात, नीट आहेत. काही ठिकाणी कौल फुटून पाणी गळते त्याच कोपऱ्यात कपाट आहे. वाळवीला धर्म नसतो. पाळकांच्या बदल्या होतात, पेट्या बांधल्या जातात, आणि एखादी वही कोणाच्या सामानात गेली हे वीस वर्षांनी कळते. सरकारी कागदाची निदान दुसरी प्रत तालुक्याला किंवा जिल्ह्याला असण्याचा संभव असतो. मंडळीची वही बहुधा एकच असते. लंडन मिशनची पत्रे व अहवाल लंडनला सोआस या संस्थेच्या ग्रंथालयात सांभाळून ठेवले आहेत, पण त्यांत मिशनऱ्यांनी वर कळवले तेवढेच आहे. खेड्यातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याची ओळ त्यांत शोधू नये. ती आपल्याच कपाटात आहे किंवा कोठेच नाही.

यिर्मयाने कैदेत असताना अनाथोथाचे शेत सतरा शेकेल रुपे देऊन घेतले, तेव्हा खरेदीपत्राच्या दोन प्रती केल्या, एक मोहरबंद व एक उघडी, आणि बारूखाकरवी त्या मातीच्या मडक्यात ठेवविल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. नगराला वेढा पडलेला, शेत शत्रूच्या ताब्यात, आणि हा मनुष्य कागद जपतो! आपणही दोन प्रती कराव्यात. मूळ वही हवा खेळेल अशा कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून ती कुजते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, पान प्लॅस्टिकमध्ये दाबून बंद करू नये, शाईने दुरुस्ती करू नये. हल्ली प्रत्येक घरात मोबाईल आहे. दिवसाच्या उजेडात पानापानाचे छायाचित्र घ्यावे, पान क्रमांकासह नोंदवावे, आणि ती प्रत मंडळीबाहेरच्या दुसऱ्या विश्वासू ठिकाणीही ठेवावी. त्रैमासिक परिषदेची इतिवृत्ते, लग्नाच्या व दफनाच्या नोंदी यांनाही हेच लागू. दुष्काळाच्या, प्लेगच्या आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वर्षी गावाचे काय झाले हे दफनाची वही जितके सांगते तितके दुसरे काही सांगणार नाही. शिस्तभंगाच्या नोंदी आणि हयात माणसांच्या खाजगी गोष्टी मात्र वर्तुळाबाहेर जाऊ देऊ नयेत. त्या पाळकांच्या ताब्यातच असाव्यात.

अनगोळच्या, किंवा वाचकाच्या स्वतःच्या गावाच्या, बाबतीत सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारील, तर आम्ही कचेरी सांगणार नाही. आधी घरात बसावे. आकारबंदात शेताचा नंबर असतो, पण नंबर येण्यापूर्वी प्रत्येक शेताला नाव होते, आणि ते नाव जुन्या मोडी कागदात असते. नंबर व नाव यांची सांगड घालून देणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्या शेतांवर घरे उठली आहेत. कोणती पट्टी कोणाची, विहीर कोठे होती, मसणवट कोठे, पहिली प्रार्थना कोणाच्या ओसरीवर झाली, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावे, सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली लिहावी. त्यानंतर ती वही घेऊन तालुक्याच्या मोजणी कचेरीत जावे.